नागपूरवरून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जुनी कचेरीची गावं सांगा ना

धरमपेठ_रिटर्न:

नमस्कार मंडळी. मूळचा धरमपेठचा, मधली चार वर्षं टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या बाजूला होतो, मागच्या दिवाळीला कायमचा परत आलो. तिकडं शनिवारी काही काम नसलं की आम्ही दोघं गाडी काढायचो आणि एखादं काउंटी सीट गाठायचो. काउंटी म्हणजे आपली तहसील समजा, थोडी मोठी, एकट्या टेक्सासमध्ये २५४ आहेत आणि दर काउंटीला एक कचेरीचं गाव. बहुतेकांचा नकाशा तोच, मधोमध चौक, चौकात कोर्टाची इमारत, वर घड्याळाचा मनोरा नाहीतर घुमट, चारी बाजूनं विटांची दुमजली दुकानं. जॉर्जटाउनचं कोर्ट १९११ चं, ते तर घरापासून वीस मिनिटं. लॉकहार्टचं १८९४ चं, फिकट चुनखडीच्या दगडात मधे मधे लाल पट्टे, आणि कोर्ट बघून झालं की तिथं भाजलेलं मांस खायचं, ताट नाही, सरळ कसायाच्या कागदावर वाढतात. बायको शाकाहारी, ती आपली कोर्टासमोरच्या बाकावर बसून आइस्क्रीम खायची आणि म्हणायची की मला हेच आवडते, काही बघायचं नाही नुसतं बसायचं.

आता इकडं आल्यावर तेच डोक्यात आहे. मागच्या महिन्यात दोन तहसिलीची गावं फिरलो, नावं घेत नाही, एका ठिकाणी काचा लावलेली पिवळी इमारत, समोर झेरॉक्सची बारा दुकानं आणि बॅनरवर वाढदिवस. बायको म्हणाली हे तहसील आहे की मंगल कार्यालय. जुनी कचेरी कुठं आहे विचारलं तर चहावाला म्हणे पाडली, तिथंच तर तुम्ही गाडी लावली.

तर प्रश्न असा की आपल्या भागात अशी गावं उरली आहेत का, जिथं जुनं ठाणं, म्हणजे कारभाराची कचेरी, अजून दिसते? रामटेक सांगू नका, ते सगळ्यांना माहीत आहे, लहानपणापासून दहा वेळा तरी गड चढलो आहे.

तर्रीपोहा_४४००१०:

भाऊ रामटेक नको तर मग काय, काटोलला जा, संत्री खा अन परत या 😀

नक्कल_विभाग:

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, चौक शोधू नका. तिकडं गाव आणि कचेरी बहुतेक एकाच वेळी आखली, पट्टी लावून. आपल्याकडं गाव आधीचं, कधी दोनशे तर कधी हजार वर्षांचं, आणि साहेब नंतर आला. त्यानं गावाच्या बाहेर मोकळ्या माळावर बंगला बांधला, बाजूला कचेरी, ट्रेझरी, तुरुंग, पोलीस लाइन, आणि मधे झाडं लावली. नागपुरातच बघा ना, महाल कुठं अन सिव्हिल लाइन्स कुठं, मधे सीताबर्डीचा किल्ला. म्हणून आपल्या जुन्या ठाण्याच्या गावात दोन गावं बघायची असतात, एक भिंतीच्या आतलं आणि एक कडुनिंबाखालचं. तुम्ही ज्या चौकाला शोधून राहिले तो मिळणारच नाही.

दुसरं असं की आपल्याकडं ठाणं हलत आलं आहे, आणि खरी मजा त्यातच आहे. वर्धा घ्या. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तेव्हा वर्धा गावच नव्हतं. कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. मग १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहान खेड्याच्या जागी नवीन गाव आखलं, नदीचं नाव दिलं आणि कचेरी तिकडं नेली. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली, त्यावरून काय ते समजून घ्या. म्हणजे टेक्सासवाल्यासारखं पट्टी लावून आखलेलं ठाण्याचं गाव आपल्याकडं कोणतं म्हणाल तर वर्धाच, पण तिथं कोणी जुनं गाव म्हणून जात नाही, सेवाग्राम करून परत येतात.

सिरोंचा तर लोकांना खरंच वाटत नाही. प्राणहिता गोदावरीच्या संगमावरचं ते गाव एकेकाळी जिल्ह्याचं ठाणं होतं, अप्पर गोदावरी जिल्हा, १८६० मध्ये झाला आणि १८७४ मध्ये मोडला. चौदा वर्षांचा जिल्हा! नंतर सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडलं, आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाल्यावर तिकडं गेलं. एका दिवसात नाही होत, आलापल्लीच्या पुढंच शंभर किलोमीटर आहे, तिथं लोक घरात तेलुगू बोलतात, पण माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणि वऱ्हाडात १९०५ मध्ये तर एकदम कापाकापी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला आणि दोनच वर्षांत सहा जिल्ह्यांचे चार केले. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, ते अमरावतीत घातलं. वाशीमचे तुकडे करून अकोला आणि यवतमाळला वाटले. वणी जिल्ह्याचं तर नावच गेलं, त्याची गंमत वेगळी, जिल्हा वणीचा पण कचेरी आधीपासून यवतमाळलाच, शेवटी नाव पण यवतमाळ केलं. वाशीमला जिल्हा परत मिळाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे त्र्याण्णव वर्षं. नात असताना गेलेला जिल्हा पणजी झाल्यावर परत आला म्हणा.

मी महसूलमध्ये तीस वर्षं काढली, त्यातली बरीच रेकॉर्डमध्ये. इमारतीपेक्षा मला ते बस्ते आठवतात, लाल कापडात बांधलेले, गाठ सोडली की आधी एक शिंक ठरलेली. आत वाजिब उल अर्ज निघायचा, त्यात गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला आधी जाईल, मासे कोण धरेल, वाट कोणाच्या शेतातून, सगळं लिहून ठेवलेलं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा हक्क, संपली, मालगुजारांचे नातू आता पुण्यात आहेत, पण पूर्व विदर्भात पाण्याचं भांडण झालं की आजही माणूस तोच कागद मागायला येते. तुमच्या त्या मनोऱ्याच्या घड्याळाला असं काही काम आहे का सांगा 🙂

परतवाडा_नॅरोगेज:

नक्कल साहेब, आमच्या अचलपूरचं एका ओळीत उरकलं तुमी, हे काही बरोबर नाही.

अहो हे गाव नागपूरच्या आधीपासून मोठं हाय. नागपूर भक्त बुलंदशहानं १७०२ च्या सुमारास वसवलं म्हणता नं, एलिचपूर तेव्हा वऱ्हाडाचं जुनं जाणतं ठाणं होतं. बहामनी गेले, इमादशाही आली, वऱ्हाडाचा सगळा कारभार इथून अन वर डोंगरावर गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या वेलस्लीनं गाविलगड घेतला अन दोन दिवसानं इथं बाजूच्या देवगावला दुसऱ्या रघुजी भोसल्यांबरोबर तह झाला, कटक अन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. नागपूरच्या राज्याचा अर्धा हिसाब आमच्या वेशीजवळ झाला म्हणा नं.

मग पडलं कशानं? रेल्वेनं. मोठी लाइन बडनेऱ्यावरून गेली, अमरावतीले फाटा मिळाला, आमी राहिलो बाजूले. १९०५ मध्ये जिल्हा गेला. १९१३ मध्ये मुर्तिजापूरवरून लहान गाडी आली, शकुंतला, कापूस न्यायले. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिले वाफेचं इंजिन होतं, मॅंचेस्टरमध्ये १९२१ चं बनलेलं. मी स्वतः त्यात बसलो हाय, माय बोरं घेऊन द्यायची, बोर संपेपर्यंत स्टेशन येत नव्हतं. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येते असा विनोद होता, तो विनोद नव्हता.

आता बघायचं म्हणाल तर सकाळी या. जुन्या गावाचे दरवाजे, दुल्हा रहमान शाहचा दर्गा, अन गावाच्या पश्चिमेले शेतात हौज कटोरा. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, कमानीवर कमान, तीन मजले उभे हायत. बाजूनं तुरीचं शेत, पाखरं, अन एक माणूस नाही. तिकीट नाही, पाटी पण धड नाही.

पण एक बोलतो, राग नका मानू. तुमी शहरातले लोक येता, वाहवा किती जुनं, किती शांत म्हणता, फोटो काढता अन संध्याकाळी घरी. आमाले जिल्ह्याच्या कचेरीत काम पडलं की पन्नास किलोमीटर अमरावती. मागच्या वर्षी वडिलांच्या एका कागदापाई मी चार चकरा मारल्या, पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा लिंक नाही, तिसऱ्यांदा वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून परत, चौथ्यांदा झालं. वेलांटी त्यांच्याच माणसानं चुकवली होती. अचलपूर जिल्हा करा म्हणून मागणी किती वर्षांची हाय, आमी शाळेत होतो तेव्हापासून ऐकून राहिलो. ठाणं जाते तेव्हा नुसती खुर्ची जात नाही, वकील जाते, डॉक्टर जाते, चांगल्या शाळेचे मास्तर जाते. मागं भिंती राहतात, त्याले तुमी जुनं सौंदर्य म्हणता.

धरमपेठ_रिटर्न:

दादा राग कशाचा, खरं तेच बोलले तुम्ही. आणि हे वाचून मला कॅन्ससची एक गोष्ट आठवली, तिकडं ठाण्यासाठी सरळ बंदुका चालल्या होत्या. ग्रे काउंटीत सिमॅरॉन आणि इंगल्स अशी दोन गावं, दोघांनाही कचेरी पाहिजे. १८८९ च्या जानेवारीत इंगल्सवाले भाड्याचे बंदूकवाले घेऊन, घोडागाडी घेऊन सिमॅरॉनला आले, कशासाठी, तर कोर्टातले दप्तर उचलून न्यायला. म्हणजे नक्कल साहेबांचे बस्तेच! ज्याच्याकडं बस्ते त्याचं ठाणं असा सरळ हिशोब. गोळीबार झाला, माणूस मेला. आज ठाणं सिमॅरॉनलाच आहे आणि इंगल्स अगदी लहानसं गाव उरलं. तेव्हा ठाणं गेलं की गाव खचते हे तिकडच्यांनाही पक्कं माहीत होतं, म्हणून तर लढले.

तुमच्याकडं येतो नक्की. हौज कटोऱ्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, लाज वाटली खरं सांगायचं तर.

तर्रीपोहा_४४००१०:

इतकं दूर कशाला जाता, कचेरी गेलेलं सगळ्यात मोठं गाव तर आपणच आहोत भाऊ. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, १९५६ मध्ये राजधानीपण गेलं अन आपण मुंबई राज्यात. आता डिसेंबरात पाहुणे येतात दोन आठवडे, रस्त्याला डांबर लागते, हुर्डा पार्टी होते, की झालं पुन्हा गपगार. तुम्ही सिव्हिल लाइन्समध्येच बाक टाकून बसा, वहिनींना आइस्क्रीम घेऊन द्या.

वैनगंगाकाठ:

मी पवनीची, सासर नागपूरला मानेवाड्याकडं. पवनी जिल्ह्याचं ठाणं कधी नव्हतं तेव्हा नियमात बसते की नाही माहीत नाही, पण वहिनींना नुसतं बसायचं असेल तर पवनीसारखं गाव नाही.

उमरेड भिवापूरवरून या, ऐंशी किलोमीटरच्या आसपास पडेल. भिवापूरला मिरची घ्या, जीआय मिळालेली आहे. पूर्वी आम्ही नागभीडच्या लहान गाडीनं भिवापूरपर्यंत यायचो आणि पुढं एसटी. ती गाडी १९०८ ची, २०१९ मध्ये बंद केली मोठी लाइन टाकायला.

पवनीत शिरताना आधी मातीचा उंच कोट आणि खंदक दिसते, लोक म्हणतात गोंडांचा, भोसल्यांचा, पण माती त्याहून खूप जुनी आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्ववाल्यांनी खोदलं तेव्हा बौद्ध स्तूप निघाला, सातवाहनांच्याही आधीपासूनचा. आमच्या घरी आजी सांगायची की लहानपणी खेळताना तिथं मोठ्या मोठ्या विटा निघायच्या आणि बाया त्या चुलीजवळ पाटा ठेवायला घेऊन जायच्या. स्तूपाची वीट आमच्या पण परसात होती, खोटं कशाला बोलू. आई त्यावर कपडे आपटायची.

दरवाज्याजवळ उन्हाळ्यात दुपारी जा, कमानीखाली इतका थंड वारा लागते की गावातल्या सगळ्या बकऱ्या तिथंच, आणि बकऱ्यांच्या मधे एखादा म्हातारा. घाटावर वैजेश्वर, गावात सर्वतोभद्र गणपती, तो विदर्भाच्या अष्टविनायकातला. मंदिरं मोजायला बसाल तर दिवस जाईल, विदर्भाची काशी म्हणतात आमच्या गावाला. पूर्वी कोष्टी आळीत दर घरात माग होता, सकाळी शाळेत जाताना खटखट ऐकू यायची, मी गेल्या खेपेला गेली तेव्हा आळीभर फिरली आणि काही ऐकू आलं नाही.

परतवाडावाल्या दादांचं पटलं पण थोडं नाही पण पटलं. आमच्याकडं जिल्ह्याची कचेरी कधीच नव्हती, तरी डॉक्टर मास्तर गेलेच नं गा. गोसीखुर्द धरण आलं तेव्हा किती गावं उठली नदीकाठची, त्यांना तर भिंती पण नाही राहिल्या.

जटपुरा_जॅम:

सगळे ठाणं गेलं ठाणं गेलं करून राहिले, आमचं ठाणं गेलंच नाही ना कधी. चंद्रपूर. गोंडांची राजधानी, मग भोसल्यांचं, मग इंग्रजांचा चांदा जिल्हा, आज पण जिल्हा. आणि पहा काय हाल, जटपुरा गेट हे पंधराव्या शतकातल्या आराखड्याचं दार आणि त्यातून आमची एकविसाव्या शतकातली स्कूल बस, ऑटो, लग्नाची वरात आणि एक गाय. रोज सकाळी नऊला येऊन पहा, हे टेक्सासमध्ये नाही मिळणार.

पण बाप्पा गावाभोवतीचा परकोट उभा आहे. चार दरवाजे, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा, शिवाय खिडक्या, चोर खिडकी, मसण खिडकी, विठोबा खिडकी. मसणात जायला गावाला वेगळी खिडकी ठेवली यावरून विचार करा किती डोकं लावून बांधलं असेल. भिंतीवर झाडं उगवली होती, माणूस वर चढू शकत नव्हता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी कुऱ्हाड कोयता घेऊन सफाई सुरू केली, दिवसामागून दिवस, शेवटी पंतप्रधानांनी रेडिओवर नाव घेतलं. आता वरून चालता येते. आमच्या वॉर्डातले काही लोक तेव्हा हसायचे की या पोरांना काम नाही, तेच आता पाहुणे आले की भिंतीवर फिरायला नेतात.

अंचलेश्वर गेटजवळ राजांच्या समाध्या आहेत, त्यातली बीरशहाची राणी हिराईनं बांधली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेलं सगळं जग पाहायला जाते, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेलं पाहायला कोणी येत नाही. नागपूरवरून दीडशे किलोमीटर, रस्ता चांगला. उन्हाळ्यात मात्र येऊ नका, मे मध्ये तर आम्हीच इथं राहत नाही मनानं.

नक्कल_विभाग:

परतवाडा, तुम्हाला एका ओळीत उरकलं ते चुकलं, मान्य. आणि वेलांटीवालं वाचून मान खाली गेली, मी पण कोणाच्या तरी वेलांट्या चुकवल्या असतीलच.

धरमपेठ_रिटर्न:

अपडेट देतो. काल पवनीला जाऊन आलो. वैनगंगाकाठ ताई, दरवाज्याखाली बकऱ्या होत्या, मोजल्या, अकरा. म्हातारे पण होते. त्यांना मी हौसेनं विचारलं की बाबाजी जुनी कचेरी कुठं आहे, ते म्हणाले कोणती कचेरी पाहिजे, फेरफार आहे का उत्पन्नाचा दाखला? मी म्हटलं काही नाही, नुसती बघायची आहे. त्यांनी माझ्याकडं, मग बायकोकडं बघितलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, पोरगा चांगल्या घरचा दिसते, काय झालं याला.

बायको घाटावर दीड तास बसली. आइस्क्रीम नव्हतं, उसाचा रस मिळाला. जगन्नाथ टेकडीवर गेलो, देवळाच्या मागच्या बाजूला मातीत विटांच्या ओळी दिसतात, एक वीट माझ्या हातभर लांब होती. उचलली नाही, ताईंच्या आईची आठवण आली.

आता अचलपूर. परतवाडा दादा, येत्या रविवारी रिकामे आहात का? आम्ही पहाटे चारला निघतो.

परतवाडा_नॅरोगेज:

रिकामाच हाय. नऊ वाजेपर्यंत दुल्हा गेटले पोचा, ऊन चढायच्या आत हौज कटोरा करून घेऊ. रस्त्यानं पोहे खाऊन येजा नका, घरी रोडगे लावतो. अन जुनी कचेरी कोणाले विचारू नका, मी दाखवतो.